बैल सोडा, पडदा बघा!

मोटारीत बसून, उघड्या आभाळाखाली सिनेमा बघायची हौस जगाला अमेरिकेने लावली, असं म्हणतात. रायगडच्या किनारपट्टीला ती कुणी वेगळी शिकवावी लागली नाही. मोटारी मोजक्याच होत्या, पण पंचक्रोशीतली माणसं सिनेमाला यायची ती आपलं वाहन जोडूनच. बैल सोडून चाकाशी बांधायचे, गाडीत पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर पोरं. तंबूतला खेळ असला तर तिकीट काढून आत जायचं. मैदानातला फुकट खेळ असला, तर गाडीतूनच बघायचा. याला ड्राइव्ह-इन म्हणायचं नाही तर कशाला?

जत्रेतला तंबू, गणपतीतला ‘पडद्यावरचा सिनेमा’ आणि वांद्र्याचं मोटारींचं थिएटर ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत असं मला मनापासून वाटतं. तिघांतही बसायची जागा आपली आपण न्यायची. चटई आपली, शेंगा आपल्या, शेजारी आपले. या भावंडांच्या या काही गमतीजमती.

झाडाला ठोकलेला पडदा

पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं ६ जून १९३३ रोजी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन गावाजवळ. कर्ता होता रिचर्ड हॉलिंग्सहेड. घरचा धंदा मोटारींना लागणाऱ्या मालाचा, त्यामुळे डोक्यात सतत मोटारच. गड्याने आधी घराच्या अंगणातच प्रयोग केला. मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला, पडद्यामागे रेडिओ लावला. पाऊस आला तर काय, हे बघायला बागेतला पाण्याचा फवारा मोटारीवर सोडला!

त्याची खरी करामत उतारात होती. पुढच्या मोटारीचं टप मागच्याच्या डोळ्यांआड येऊ नये म्हणून त्याने जमिनीला उंचवटे दिले आणि या रचनेचं पेटंटही घेतलं. तिकीट मोटारीला २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि सगळं कुटुंब मिळून जास्तीत जास्त एक डॉलर. आईला थिएटरच्या खुर्चीत अवघडून बसावं लागायचं म्हणून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अशी चार हजारांहून जास्त थिएटरं होती. एका पठ्ठ्याने तर १९४८ मध्ये न्यू जर्सीतच मोटारींबरोबर विमानांनाही जागा ठेवली. ५०० मोटारी, २५ छोटी विमानं. उतरा, रांगेत लावा, सिनेमा बघा, उडून जा.

वांद्र्याला मोटार, पुढच्या पिढीला गच्ची

भारतात अहमदाबादचं ‘सनसेट’ ड्राइव्ह-इन १९७३ सालचं. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत वांद्रे-कुर्ला भागात ड्राइव्ह-इन आलं, तेव्हा त्या बाजूला आजच्या काचेच्या इमारती नव्हत्या. घरून डबे भरून न्यायचे, मोटारीच्या टपावर पोरांना बसवायचं, डास मारत सिनेमा बघायचा. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं. पण जागेची आठवण चिवट निघाली. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच भागात एका मॉलच्या गच्चीवर नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं. २९० मोटारींची सोय, पहिला सिनेमा ‘सूर्यवंशी’. मैदान गेलं, म्हणून आभाळ गच्चीवरून घेतलं.

रायगडकरांसाठी यात एक जोडगंमत आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. मोटार थेट बोटीत घालायची, तासाभरात मांडव्याला उतरायची. म्हणजे आता वांद्र्याला गच्चीत शिरणारी मोटार आणि समुद्र ओलांडणारी मोटार एकच असू शकते.

ल्युमिएरच्या आधी कल्याण

पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचा पैसे घेऊन दाखवलेला पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५चा, मुंबईत वॉटसन हॉटेलातला ७ जुलै १८९६चा. पण पडद्यावरच्या खेळाची चटक आपल्याकडे त्याआधीच लागली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२पासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. कुशलतेने पट्ट्या सरकवल्या की चित्रातली माणसं हालचाल करत. निवेदन आणि गाणं तिथल्या तिथे. रामायण-महाभारतही असायचं, सर्कसही.

दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) केल्यावर प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन गावं पालथी घातली. फाळके बैलगाडीतून यंत्र नेत आणि परतताना तीच गाडी चिल्लर नाण्यांनी जड होई, ही गोष्ट सिनेमाच्या जुन्या मंडळींत अजून सांगितली जाते. याच सिनेमाचं बाहेरचं चित्रीकरण वांगणीजवळ झालं. ढाल-तलवारी घेतलेली नटमंडळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं! वांगणी ठाणे जिल्ह्यातलं, पण तिथून रायगडची हद्द हाकेच्या अंतरावर.

तंबूचं पंचांग

टुरिंग टॉकीज चालायची ती जत्रांच्या मागे. रायगडच्या किनाऱ्यावर जत्रांची माळ कार्तिकी एकादशीला वरसोलीच्या विठोबापासून सुरू होते. मग आवास, त्रिपुरी पौर्णिमेला कनकेश्वर, पुढे दत्तजयंतीला चौल. खोपोलीकडे साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा, जिथे सुक्या मासळीचा बाजार भरतो. पाऊस संपलेला, भात झोडून झालेलं, हातात दोन पैसे, हवेत गारवा. तंबू ठोकायला याहून चांगला हंगाम नाही.

याला सूर्याचीही साथ. जुलैत इथे सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आसपास. म्हणजे जत्रांच्या दिवसांत सातला मिट्ट काळोख आणि पहिला खेळ लवकर. अमेरिकेत १९६०च्या दशकात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायचा कायदा झाला, तेव्हा ड्राइव्ह-इनवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. अंधार एक तास उशिरा पडला की पोरंबाळं झोपणार आणि गल्ला बुडणार! आपल्या तंबूवाल्यांना पंचांगानेच सांभाळून घेतलं.

तंबूच्या आतली व्यवस्था अजून डोळ्यांपुढे आणणारी माणसं आहेत. चारही बाजूंनी कनात. पुढे जमिनीवर बसणारे, मागे बाकडी किंवा खुर्च्या, बायकांची बाजू वेगळी. दिवसभर गावातून गाडी फिरायची, तिच्यावर रंगीत पोस्टर आणि कर्णा. ओरडणाऱ्याचा आवाज खणखणीत पाहिजे, कारण सगळी जाहिरात त्याच्या गळ्यावर. संध्याकाळी तंबूबाहेर मोठ्याने गाणी लागली की पोरांचे पाय घरात ठरत नसत.

कोळशाच्या दोन कांड्या

या सगळ्याचा जीव होता प्रोजेक्टरमध्ये, आणि त्याचा जीव कार्बनच्या दोन कांड्यांत. कांड्या एकमेकींजवळ आणायच्या, मधल्या फटीत विजेची ठिणगी धरायची, तिच्या डोळे दिपवणाऱ्या उजेडात फिल्म चालायची. कांड्या जळून झिजत, तसतशा पुढे सरकवाव्या लागत. ऑपरेटरचं लक्ष जरा चुकलं की पडद्यावर नायिकेचं तोंड काळवंडायचं आणि तंबूभर शिट्ट्या. वीज बाहेरच्या डिझेल इंजिनाची. त्याची धडधड पार्श्वसंगीताला कायमची जोडलेली असायची.

आता हिशेब करा. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चित्रं, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन तासांच्या सिनेमाला १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत ही फिल्म अंथरली, तिथून परत आणली, तरी थोडी हातात उरेल.

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. प्रोजेक्टर एकच असला तर प्रत्येक रिळानंतर थांबा आलाच. म्हणून एका खेळात एक नाही, बरीच मध्यंतरं व्हायची. मला हे थांबे त्या सिनेमाचं भाग्य वाटतात. तेवढ्या वेळात पुढे काय होणार यावर अख्खा तंबू पैजा लावायचा, रडणारं मूल शांत व्हायचं, आजीला गोष्ट समजावून सांगता यायची. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची असली, की एकीकडे संपलेली रिळं सायकलवरून दुसरीकडे पळवली जात. सायकलस्वाराचा टायर पंक्चर झाला तर नायक तिकडे अर्ध्या मारामारीत अडकून पडायचा.

आणि धोकाही खराच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेट घेई. कापडी तंबू, कोरडं गवत, जळत्या कार्बनचा उजेड आणि पेटणारी फिल्म एका जागी सांभाळणाऱ्या ऑपरेटरांना माझा नमस्कार.

पडद्यामागून अमिताभ उजवा

गणपतीत किंवा सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला मुंबईतल्या चाळींत आणि त्यांच्या चाकरमान्यांच्या गावांत १६ मिलिमीटरचा सिनेमा लागायचा. रस्त्यात किंवा देवळापुढे दोन बांबू, मधे पांढरं कापड. गर्दी झाली की उरलेले पडद्यामागे बसत. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही स्वच्छ दिसे, फक्त आरशातल्यासारखं उलटं. नावं उलटी, गाड्यांचे नंबर उलटे, सगळे नट डावखुरे. अपवाद एकच. अमिताभ बच्चन मुळात डावखुरा, त्यामुळे मागच्या प्रेक्षकांसाठी तो एकटाच उजव्या हाताने पिस्तूल धरायचा!

१९७५ साली ‘शोले’च्या बरोबरीने ‘जय संतोषी माँ’ चालला. लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर नाणी उधळत, आरती करत. पडद्यावरच्या देवीसमोर हात जोडणाऱ्या या प्रेक्षकाला भोळा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. बसायची जागा देवळाची असली तर पडद्यावर देव दिसल्यावर हात जोडले जाणारच.

पुढे १९८०च्या दशकात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आला. एका रात्रीत तीन सिनेमे! पडदा लहान झाला, पण अंगण तेच राहिलं. १९९१च्या ‘माहेरची साडी’ने गावोगावच्या बायकांचे पदर ओले केले, त्यातले बरेचसे अशाच अंगणांत आणि तंबूंत.

गावच पडद्यावर

रायगडचा किनारा नुसता प्रेक्षक नव्हता. ‘शोले’तला रेल्वेवरचा दरोडा आठवतो? तो पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. रामगढ कर्नाटकात, पण गब्बरची गोष्ट सुरू होण्याआधीची ती धावती आगगाडी आपल्या जिल्ह्यातली. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ सालचं.

मांडवा तर हिंदी सिनेमाने देशभर नेलं. १९९०च्या ‘अग्निपथ’मधला विजय दीनानाथ चौहान आपलं गाव ठणकावून सांगतो, आणि या भूमिकेसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२मध्ये ‘अग्निपथ’ पुन्हा आला तेव्हा मात्र पडद्यावरचं मांडवा उभारलं दीवमध्ये. मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारे पर्यटक अजूनही तो संवाद म्हणत फोटो काढतात, आणि गावकरी आता त्याकडे वळूनही बघत नाहीत.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट चौलची. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा हिसकावला, मिनतवाऱ्या करून तो परत मिळाला. निकितीनने हे सगळं प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. त्यावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या भागीदारीत ‘परदेसी’ हा सिनेमा केला. नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी, आणि निकितीनच्या भूमिकेत ओलेग स्त्रिझेनोव्ह. सिनेमा हिंदीत आणि रशियनमध्येही निघाला, पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवात गेला. रेवदंड्याला निकितीनचं स्मारक आहे. चौलच्या जत्रेत एखाद्या वर्षी तरी हा सिनेमा पडद्यावर लावायला हवा, असं मला नेहमी वाटतं.

आणि नाना पाटेकरांचा जन्म मुरूड-जंजिऱ्याचा, १ जानेवारी १९५१चा. एवढं सांगितलं की मुरूडकरांचा ऊर भरून येतो, त्यामुळे पुढे काही सांगायला नको.

वारा आणि आवाज

किनाऱ्यावरच्या पडद्याचा शत्रू वारा. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे सुटतात. या दोघांच्या मधे, दिवेलागणीनंतर, हवा जरा पडते. पडदा ताणायची वेळ तीच. नाहीतर पडद्याला पोट येतं आणि सडपातळ नायिका क्षणात लठ्ठ होते.

रात्री तंबूतले संवाद लांबच्या वाडीपर्यंत स्पष्ट ऐकू जायचे, हे जुने लोक सांगतात ते खरं आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. ज्यांच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते, त्यांनी अंगणात पडल्या पडल्या आख्खे सिनेमे नुसते ऐकले आहेत.

उघड्यावर आणखी एक मजा होते. पडद्यापासून शंभर मीटरवर बसलात तर आवाज पोचायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, तोवर पडद्यावरून सात चित्रं पुढे गेलेली असतात. ठोसा आधी लागतो, ‘ढिशूम’ मागून येतं. ड्राइव्ह-इनवाल्यांनी यावर आधी प्रत्येक मोटारीसाठी खांबावर छोटे स्पीकर दिले, नंतर मोटारीतल्या एफएम रेडिओवरच आवाज सोडला.

भरती आत येते तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम गावातलं ‘सन पिक्चर्स’ हे १९१६ सालचं उघडं थिएटर आजही चालू आहे. मोती काढणाऱ्यांचं गाव, समुद्र जवळ. १९७०च्या दशकात बांध घालेपर्यंत मोठ्या भरतीचं पाणी थेट थिएटरात शिरायचं आणि लोक पाय वर घेऊन सिनेमा बघायचे. आजूबाजूला खाड्या असलेल्या कुठल्याही रायगडकराला हे ऐकून परकं वाटणार नाही.

आपल्या तंबूंची कहाणी मात्र २०१०च्या दशकात अवघड झाली. फिल्मची जागा डिजिटलने घेतली आणि जुने प्रोजेक्टर भंगारात निघाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमागे वर्षानुवर्षं फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ साली कानला दाखवला गेला. यात प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे हात बघा. त्याच्या तीन वर्षं आधी गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी सिनेमाही याच जगावर आला होता. नवं रूपही आहे: ‘पिक्चरटाइम’ कंपनीचा हवेने फुगणारा तंबू. २०२१ मध्ये तो लेहला साडेअकरा हजार फुटांवर उभा राहिला. तिथे उभा राहतो तर चौलला का नाही?

मध्यंतराला पोपटी

अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इनची खरी कमाई तिकिटावर नसे, खाण्यावर असे. आपल्याकडे तर थंडीत पोपटीच असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, कुणी अंडी, कुणी मसाला लावलेली कोंबडी. मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. पहिला भाग अर्ध्यावर आल्यावर जाळ लावला, तर मध्यंतराला शेंगा तयार.

म्हणून या थंडीत कुणाला गावात पडदा लावायचा असेल, तर थोडं सांगतो. वाळूवर लावू नका. मोटारी भरतीत रुततात हे काशीदपासून अलिबागपर्यंत सगळ्यांनी पाहिलंय, आणि हरिहरेश्वर-दिवेआगरच्या बाजूला याच महिन्यांत कासवं अंडी घालतात, उजेडाने त्यांची पिल्लं समुद्राची वाट चुकतात. शाळेचं मैदान उत्तम. सोळा फूट रुंद, नऊ फूट उंच दुहेरी कापड, मागून काळा कपडा, चारही कोपऱ्यांना दोर. सिनेमाच्या हक्कदाराची लेखी परवानगी आधी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, म्हणून खेळ सातला सुरू करा, अडीच तासांचा सिनेमा निवडा, पोपटीला वीस मिनिटं धरा. दहाच्या आत सगळे घरी. आणि मागच्या काळ्या कापडाची एक बाजू गुंडाळून ठेवा, पोरांना पडद्यामागून बघायचं असेलच.